तेरडा : वनस्पती, नाव आणि म्हण

समशीतोष्ण प्रदेशांतील कुरणांत आणि रानांत आपोआप उगवणाऱ्या, हिमवर्षाव सोसून पुन्हा फुटणाऱ्या आणि म्हणूनच बागकामात मानाचे स्थान मिळविलेल्या फुलझाडांत जिरॅनियम या प्रजातीची गणना होते. चारशेच्या आसपास जाती असलेली ही प्रजाती भारतात मुख्यतः हिमालयात व निलगिरीसारख्या थंड डोंगरांवर आढळते. महाराष्ट्रातील घरांच्या गच्च्यांवर कुंडीत लावले जाणारे ‘जिरॅनियम’ हे मात्र खरे जिरॅनियम नव्हे. ते पेलार्गोनियम या निराळ्या प्रजातीचे असून तिचे मूळ स्थान प्राधान्येकरून दक्षिण आफ्रिकेत आहे. अशा स्थितीत नाशिकच्या अभ्यासकाने रानात वाढणारे आणि बागेतही रुळलेले जिरॅनियम शोधावयाचे ठरविले, तर त्याच्या हाती काय लागेल? एकोणिसाव्या शतकातील वनस्पतिशास्त्राने या प्रश्नाला दिलेले उत्तर आज चमत्कारिक वाटेल. ते उत्तर म्हणजे तेरडा.

तेरड्याची वनस्पती म्हणून जी हकीकत आहे, तिच्याशी त्याच्या नावाची व त्याच्यावर रचलेल्या म्हणीची हकीकत निगडित आहे. शास्त्राने या वनस्पतीचे घर बदलले. बागेने तिचे रूप बदलले. भाषेने तिच्या अनेक गुणांपैकी एकच उचलून तोच तिचा स्वभाव ठरविला. या तिन्ही व्यवहारांचा एकत्र विचार केल्यास वनस्पतिनामांच्या कोशगत नोंदीविषयी काही उपयुक्त निष्कर्ष निघतात.

जुने कुल आणि नवे कुल

बेंथॅम आणि हुकर यांच्या ‘जेनेरा प्लँटॅरम’ या ग्रंथाच्या १८६२ साली निघालेल्या आरंभीच्या भागात तेरड्याची प्रजाती, म्हणजे इंपेशन्स, जिरॅनियम-कुलात घातली गेली. ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’च्या १८७५ मध्ये पूर्ण झालेल्या पहिल्या खंडातही तीच व्यवस्था राहिली. त्या कुलाचा विस्तार मोठा होता. बांधावर उगवणारी आंबुशी, आंबट फळांचे कमरख आणि श्रावण-भाद्रपदातील तेरडा ही मराठी माणसाच्या दृष्टीने परस्परांशी काहीच संबंध नसलेली तीन झाडे त्यात एकत्र नांदत होती. वस्तुतः रिशार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२२ सालीच तेरड्याचे स्वतंत्र कुल कल्पिले होते. परंतु इंग्रजी अमलातील भारतीय वनस्पतिशास्त्रावर बेंथॅम-हुकर पद्धतीचा प्रभाव असल्यामुळे येथील अनेक पिढ्यांनी तेरडा हा जिरॅनियमचा आप्त म्हणूनच अभ्यासला.

या समजुतीला आधार नव्हता असे नाही. दोन्हींच्या फुलांच्या रचनेत पाच या संख्येला महत्त्व आहे आणि दोन्हींची फळे पिकल्यावर ताण सुटून बी दूर फेकतात. जिरॅनियमच्या फळाला लांब चोच असते. ग्रीक भाषेत ‘गेरानोस’ म्हणजे क्रौंच पक्षी, आणि त्याच्या चोचीवरूनच हे नाव पडले. लिनिअसने १७५३ साली ज्यांना जिरॅनियम म्हटले, त्यांतील काही जाती लेरितिए याने १७८९ साली पेलार्गोनियम व एरोडियम या नावांखाली वेगळ्या केल्या. तेव्हाही ग्रीक भाषेतील दुसऱ्या दोन लांबचोचे पक्ष्यांचीच नावे उपयोगात आली. शास्त्राने ही फारकत करून दोन शतकांहून अधिक काळ लोटला. तथापि बागवानांच्या आणि सामान्यांच्या तोंडी पेलार्गोनियमला ‘जिरॅनियम’ हेच नाव राहिले, आणि त्याच चुकीसह ते मराठीतही आले. शास्त्र आपली चूक दुरुस्त करते म्हणून भाषाही आपले नाव दुरुस्त करते असे नाही. नाव एकदा व्यवहारात रुजले की ते वर्गीकरणाच्या नव्हे, तर व्यवहाराच्याच नियमाने चालते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस जनुकीय द्रव्याच्या तुलनेवर आधारलेले वर्गीकरण पुढे आले. १९९८ च्या मांडणीत तेरड्याचे कुल एरिकेलीझ या गणात गेले. जिरॅनियमचा गण निराळा ठरला. याचा अर्थ असा की चहा, चिकू, टेंभुर्णी आणि मोह ही झाडे आता तेरड्याच्या अधिक जवळची मानली जातात. नाशिक जिल्ह्याच्या डोंगराळ पश्चिम भागात मोहाच्या झाडाखाली तेरडा फुललेला पाहणाऱ्याच्या मनातही येणार नाही असे हे नाते आहे. डोळ्यांना दिसणारे साम्य आणि वंशाने येणारे नाते यांत केवढे अंतर असू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय. शब्दांच्या व्युत्पत्तीत केवळ ध्वनिसाम्यावर विसंबणाऱ्यांनीही ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

डोंगरावरील तेरडा

नाशिक जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पावसाचे मान झपाट्याने उतरते. इगतपुरीच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. येवला-नांदगावकडे तो पाचशे-सहाशेवर येतो. ब्रह्मगिरी आणि अंजनेरी हे सुमारे १,३०० मीटर उंचीचे डोंगर ओल्या बाजूला आहेत. काळ्या बेसाल्टचे कडे, त्यांच्या पायऱ्यांवर साचलेली वीतभर माती आणि चार महिन्यांचा पाऊस, एवढ्या सामग्रीवर येथील पावसाळी वनस्पतींचा संसार चालतो. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने १९९१ साली या जिल्ह्याच्या वनस्पतींची स्वतंत्र सूची प्रसिद्ध केली. पुढे २००६ मध्ये अंजनेरीच्या नावाने ओळखली जाणारी सेरोपेजियाची नवी जाती वर्णिली गेली आणि २०१७ साली या डोंगराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. अशा दुर्मिळ वनस्पतींच्या तुलनेत तेरडा अगदीच सामान्य. परंतु त्याचे सामान्य असणे हेच येथे विचारात घ्यावयाचे आहे.

तेरड्याचे झाड वर्षायू आहे. मृगाच्या सरी पडल्यावर बी रुजते. खोड मांसल, पाणीदार व पेरांशी फुगलेले असते. पाने भाल्याच्या पात्यासारखी व दंतुर कडांची असतात. श्रावण-भाद्रपदात पानांच्या बगलांतून गुलाबी, जांभळट किंवा क्वचित पांढरी फुले येतात आणि उतारच्या उतार रंगून जातात. पाऊस सरला की ते पाणीदार खोड उभे राहू शकत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास जेथे गुलाबी गालिचा होता तेथे वाळलेल्या काड्या उरतात.

या वर्णनावरून तेरडा नाजूक आहे असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. जिरॅनियमच्या बहुवर्षायू जाती जमिनीखालील खोडाच्या आधारे हिवाळा काढतात. तेरड्याजवळ असा कंद वा खोड नाही. त्याचा चिवटपणा बियांत आहे. सुमारे आठ महिने, त्यांतील कित्येक आठवडे तापलेल्या खडकावरच्या कोरड्या मातीत, ते बी पडून राहते आणि पहिल्या पावसाला पुन्हा रुजते. झाड मरते, पण वस्ती मरत नाही. थंडीला तोंड देणे हीच जर काटकपणाची कसोटी मानली, तर तेरडा तीत उतरणार नाही. दुष्काळी आठ महिन्यांना तोंड देणे ही कसोटी लावली, तर मात्र तो नापास होण्याचे कारण नाही.

बी पसरण्याची त्याची युक्ती सर्वश्रुत आहे. लवदार, दोन्ही टोकांना निमुळते असे बोंड पिकले म्हणजे त्याच्या पाच शकलांत ताण साठलेला असतो. वाऱ्याने, पावसाच्या थेंबाने किंवा बोटाच्या स्पर्शाने तो सुटतो. शकले क्षणार्धात आत वळतात आणि बी उडते. फुलाची रचनाही अशीच विचारपूर्वक पाहण्याजोगी आहे. पाकळ्या पाच असल्या तरी बाजूच्या चार दोन-दोन मिळून जुळलेल्या असल्याने वरवर पाहता तीनच भासतात. खालचे संदल मागे लांबून त्याची मधुरसाची बारीक शुंडिका बनते. पाच परागकोश एकत्र येऊन कुक्षीवर टोपीसारखे बसतात. ती टोपी गळून पडल्यावरच कुक्षी उघडी होते. म्हणजे तेच फूल आधी पराग देणारे आणि नंतर पराग घेणारे असते. फुलाच्या अल्प आयुष्याची अशी काटेकोर वाटणी झालेली आहे.

बागेतील तेरडा

मोगल अमलात नाशिकला गुलशनाबाद असे नाव होते. फुलांच्या या शहरात गुलाब, मोगरा, शेवंती यांना जी प्रतिष्ठा होती ती तेरड्याला नव्हती. तरीही वाड्याच्या परसात, तुळशीवृंदावनाच्या कडेला आणि कुंड्यांत तो येत राहिला. लावणाऱ्याने एकदा बी टाकले की पुढील वर्षी न सांगता तो पुन्हा उगवतो. लाल, शेंदरी, जांभळा, पांढरा आणि ठिपकेदार असे त्याचे अनेक रंग बागेत दिसतात. सोळाव्या शतकात तो युरोपातील बागांत पोहोचला होता. तेथे व पूर्व आशियात निवडीने त्याची अनेक वाणे निर्माण झाली.

त्यांतील सर्वांत मोठा फरक म्हणजे दुहेरी फूल. रानातील फुलात जेथे पुंकेसर असावयाचे तेथे दुहेरी फुलात पाकळ्या येतात. फूल भरगच्च गुलाबासारखे होते. मात्र ज्या प्रमाणात पुंकेसरांच्या पाकळ्या होतात, त्या प्रमाणात पराग कमी होतो. ज्या बियांवर रानातील तेरड्याची सारी भिस्त, त्यांच्याच वाटेत बागेतील शोभा उभी राहते. दुहेरी वाण टिकवावयाचे तर माळ्याची निवड सतत चालू ठेवावी लागते. मोकळे सोडलेले झाड पिढ्यांमागून पिढ्यांत साध्या फुलाकडे वळते.

या फुलाच्या घडणीत किती लवचीकता आहे, हे प्रयोगशाळेतही दिसून आले. बॅटी आणि लिंडन यांनी १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये तेरड्याच्या एका वाणावर केलेले प्रयोग या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. त्या वाणाला फुलण्यासाठी लहान दिवस लागतात. काही लहान दिवस देऊन फुलाची घडण सुरू झाल्यावर रोपे पुन्हा मोठ्या दिवसांत ठेवली, तेव्हा अर्धवट घडलेल्या फुलाच्या शेंड्यातून पाकळ्यांपुढे पुन्हा पाने निघू लागली. मधली काही अंगे तर अर्धी पान व अर्धी पाकळी अशी होती. पानांकडून येणारा संदेश शेवटपर्यंत चालू राहिला तरच फूल पूर्ण होते, असा निष्कर्ष पुढील संशोधनातून निघाला. नाशिकच्या अक्षांशावर जूनअखेरीचा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. ऑगस्टअखेर तो साडेबारा तासांच्या जवळपास येतो. रानातील प्रत्येक वस्ती याच मापाने चालते असे या एका वाणावरून म्हणता येणार नाही. पण भाद्रपदातील बहर केवळ पावसाचा हिशेब नसून दिवसाच्या लांबीचाही असू शकतो, एवढे त्यावरून समजते.

नावांनी काय टिपले

एकाच वनस्पतीला निरनिराळ्या भाषा जी नावे देतात, त्यांवरून त्या भाषकांनी तिच्याकडे कोणत्या अंगाने पाहिले ते कळते. लॅटिन ‘इंपेशन्स’ म्हणजे अधीर; हे नाव फुटणाऱ्या बोंडावरून आले. चिनी वैद्यकात तेरड्याच्या बियांना ‘ची-शिंग-त्झ’ म्हणतात; त्याचाही अर्थ उतावळ्या स्वभावाचा असाच आहे. युरोप आणि चीन यांनी परस्परांपासून दूर राहून बोंडाचा एकच गुण टिपला. हिंदीतील ‘गुलमेहंदी’ हे नाव तेरड्याला मेंदीशी जोडते. जपानी भाषेतील ‘त्सुमाकुरेनाई’ या जुन्या नावाचा अर्थ नखांची लाली असा आहे. कन्नडमधील ‘कर्णकुंडल’ हे नाव देठावर लोंबणाऱ्या फुलाच्या आकाराकडे बोट दाखविते. मराठीत ‘तेरडा’ हा शब्द एका जातीपुरता न राहता प्रजातीवाचक झाला आहे. उत्तर सह्याद्रीतील पिवळ्या फुलांच्या, डाल्झेल या संशोधकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातीला ‘पिवळा तेरडा’ म्हणतात, आणि बागेतल्यापासून वेगळा दाखविण्यासाठी ‘रानतेरडा’ असा समास योजतात. येथे लोकभाषेने कोणत्याही ग्रंथाच्या साहाय्यावाचून प्रजाती व जाती असा भेद केलेला आहे.

तीन दिवसांचा रंग

तथापि मराठी मनात तेरडा टिकून आहे तो प्रामुख्याने ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ या म्हणीमुळे. क्षणिक उत्साह, न टिकणारी प्रीती, आरंभशूरपणा या सर्वांवर ही म्हण लागू केली जाते. अर्थविचाराच्या दृष्टीने तिच्यात तीन गोष्टी लक्षणीय आहेत.

पहिली, ‘रंग’ या शब्दाचा दुहेरी अर्थ. मराठीत रंग म्हणजे वर्ण, तसाच रंग म्हणजे बहर, उत्साह, मैफलीची रंगत. ‘रंगात येणे’, ‘रंग भरणे’, ‘बेरंग होणे’ हे प्रयोग याच दुसऱ्या अर्थाचे आहेत. म्हणीतील वाच्यार्थ फुलाच्या वर्णाचा आणि लक्ष्यार्थ माणसाच्या उत्साहाचा. परंतु दोहोंसाठी एकच शब्द चालत असल्याने एका अर्थावरून दुसऱ्यावर जाताना ऐकणाऱ्याला पायरी ओलांडल्याची जाणीव होत नाही. दुसरी गोष्ट ‘तीन’ या संख्येची. थोडा काळ दाखविण्यासाठी मराठीत ‘चार दिवस’ हा प्रयोग अधिक रूढ आहे. ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ ही म्हण प्रसिद्धच आहे. येथे मात्र ‘तेरडा’ आणि ‘तीन’ यांतील आद्य ‘त’काराचा अनुप्रास साधतो. संख्येच्या निवडीत फुलाच्या निरीक्षणाइतकाच कानाचाही वाटा असावा. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. म्हण बोलते फुलाविषयी, आणि नाव घेते झाडाचे. एक फूल थोड्या दिवसांत गळते हे खरे. पण झाडावर कित्येक आठवडे फुले येत राहतात, आणि डोंगराच्या उतारावर वर्षानुवर्षे झाडे येत राहतात. अंशावरून समग्राचा स्वभाव ठरविणाऱ्या या लक्षणेत तेरड्याचा चिवटपणा दृष्टिआड झाला.

हा स्वभाव वनस्पतीवर भाषेने लादलेला आहे, याची साक्ष कोरियात मिळते. तेथे मुली तेरड्याची फुले व पाने ठेचून नखांवर बांधतात आणि नखे लाल-नारिंगी रंगवितात. तेरड्यात लॉसोन हे मेंदीतलेच रंजकद्रव्य असते, त्यामुळे तो रंग नख वाढून जाईपर्यंत टिकतो. पहिला हिमवर्षाव होईतो नखावर तो रंग राहिला तर पहिले प्रेम सफळ होते, अशी तेथील समजूत आहे. एकाच झाडाचा रंग एका भाषेत अस्थिर प्रेमाचे आणि दुसऱ्या संस्कृतीत टिकणाऱ्या प्रेमाचे चिन्ह झाला. झाड तेच आहे. मराठीने फांदीवरचे फूल पाहिले, कोरियाने नखावरचा रंग.

मराठी परंपरेतही या म्हणीच्या विरुद्ध साक्ष देणारा एक आचार आहे. भाद्रपदात गौरी येतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन असा हा तीन दिवसांचा सण असतो. महाराष्ट्रात काही घराण्यांत मुखवट्याऐवजी तेरड्याची रोपे गौर म्हणून आणण्याची चाल आहे. ती रोपे मुळांसकट उपटून आणतात, आणि तेरड्याची मुळे हीच गौरीची पावले अशी समजूत आहे. सणाचे तीन दिवस आणि म्हणीतील तीन दिवस यांचा मेळ मोहक असला, तरी एवढ्यावरून एकाचा उगम दुसऱ्यात शोधणे शास्त्रीय ठरणार नाही. निश्चितपणे सांगता येते ते एवढेच, की म्हणीने झाडाचे फूल तेवढे घेतले. आचाराने मुळासकट झाड घेतले. शिवाय दरवर्षी जाते आणि दरवर्षी परत येते ती गौर. या अर्थाने तेरड्याच्या जीवनक्रमाशी आचाराचे जुळते, म्हणीचे जुळत नाही.

कोशकारांना व क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्यांना यापासून घेण्याजोगा बोध स्पष्ट आहे. ‘तेरडा : एक फुलझाड’ एवढ्यावर नोंद थांबली, तर रान व बाग यांतील भेद, प्रजातीवाचक प्रयोग, नखे रंगविण्याचा गुण आणि गौरीच्या आचारातील स्थान हे सर्व कोशाबाहेर राहते, आणि त्यापुढे म्हण जोडली, तर वाचकाला झाडाची ओळख होते ती म्हणीच्या पूर्वग्रहातूनच. वनस्पतिनाम नोंदविताना नाव सांगणाऱ्याने कोणते झाड दाखविले, ते रानातले की बागेतले, कोणत्या महिन्यात, झाडाचा कोणता भाग वापरात आहे आणि वापर कोणाच्या हातून होतो, एवढे प्रश्न विचारलेच पाहिजेत. शक्य तेथे वाळविलेला नमुना वनस्पतिशास्त्र विभागाकडे देऊन जातीची निश्चिती करून घ्यावी.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. परसाची घरे जाऊन सदनिका आल्या, की बी आपोआप पडून दुसऱ्या वर्षी रोप उगवण्याची जागाच उरत नाही. आणि बाजारातून गौरीसाठी जुडी विकत आणणाऱ्या घरात ‘रानतेरडा’ हा वेगळा शब्द वापरण्याची गरजही उरत नाही. अंजनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्या वृद्ध स्त्रीला जे भेद सहज ठाऊक असतात, ते तिच्या नातीच्या बोलीत असतीलच असे नाही. तेरड्याचे बी आठ महिने मातीत वाट पाहू शकते. शब्दाच्या अर्थच्छटांना तशी सोय नाही. त्या बोलणाऱ्याच्या मुखातच जिवंत असतात, आणि तेथूनच त्या वेळीच टिपून घ्याव्या लागतात.